शालिग्राम ड्रायव्हरचा कॅम्प

शालिग्राम ड्रायव्हरनं लिलावात गाडी घेतली, तेव्हा धुळ्याच्या देवपुरातल्या त्याच्या चाळीला दोन दिवस दुसरा विषय नव्हता. माणूस सरकारी लिलावातून सायकल आणतो, लोखंडी कपाट आणतो, फार तर मोडकं टेबल आणतो. यानं मॅटाडोर आणली. तीही कुठली, तर आरोग्य खात्यासाठी त्यानं स्वतःच अकरा वर्षं चालवलेली. खात्यानं तिला भंगारात काढलं आणि यानं तिला घरात घेतलं, असं चाळीतल्या बायका म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या.

शेवंताबाई, म्हणजे शालिग्रामची बायको, हसली नाही. तिनं गाडीकडे एकदा पाहिलं आणि तांदूळ निवडायला बसली.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते दोन वर्षांपूर्वी, आग्रा रोडवर. नरडाण्याच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली एक गोरं जोडपं गाडी लावून बसलं होतं. रेडिएटरला पाणी मागायला शालिग्राम थांबला. पाहतो तर काय, गाडीत पलंग, गाडीत स्वयंपाकघर, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे! गोऱ्यानं त्याला बिनदुधाची कॉफी पाजली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं समजावून सांगितलं. डोंगराखाली गाडी लावायची, डोंगर चढायचा, उतरायचा, आपल्या हातचं खायचं आणि गाडीतच झोपायचं. याला म्हणतात कॅम्पिंग. कॉफी कडूजहर होती, पण शब्द शालिग्रामला गोड लागला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांना डोंगरापर्यंत नेऊन सोडलं होतं. साहेब उतरायचे, नर्सबाई उतरायच्या, औषधांच्या पेट्या उतरायच्या. हा आपला स्टिअरिंगवर हात ठेवून काचेतून डोंगराकडे बघत बसायचा. इतक्या वर्षांत एकही डोंगर तो चढला नव्हता.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गाडी हाती आली आणि तो कामाला लागला. मागचे बाक काढून फळ्यांचा पलंग केला. वातीचा स्टो बसवला, माठाला लोखंडी कडं केलं, आरशाच्या दांडीला पाण्यासाठी कॅनव्हासची छागल टांगली. गाडीच्या पांढऱ्या अंगावर खात्याचा, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. त्यावरून त्यानं निळा ऑइलपेंट मारला. रंग एकाच हाताला पुरला. शेजारचा रतिलाल कंपाउंडर रोज संध्याकाळी कमरेवर हात ठेवून पाहणी करायचा. एकदा म्हणाला, "शालिग्रामभाऊ, सगळं झालं. पाळणा कुठं टांगणार?"

शेवंताबाई नळावर होती. अर्धाच भरलेला हंडा उचलून ती घरात निघून गेली. शालिग्राम ब्रश हातात धरून उभा राहिला.

आता ते सांगायलाच हवं. नाहीतर भर मे महिन्यात बायकोला घेऊन उघड्याबोडक्या डोंगरात जायची बुद्धी ह्या माणसाला का झाली, ते कळायचं नाही.

आणीबाणीच्या साली खात्यात प्रत्येकाला नसबंदीच्या केसेस आणायचा हुकूम सुटला. शिपायाला दोन, ड्रायव्हरला दोन. न आणणाऱ्याचं नाव कमी होणार. शालिग्रामनं कुठून तरी एक आणली, बसस्टँडवर पडून असणारा एक म्हातारा, ज्याला त्या ऑपरेशनचा ना नफा ना तोटा. दुसरी मिळेना. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी साहेब म्हणाले, "अरे, दुसरी केस तर स्टिअरिंगवरच बसलीय!" सगळे हसले. शालिग्रामही हसला. आणि अर्ध्या तासानं तो त्याच मॅटाडोरच्या मागच्या बाकावर आडवा झालेला होता. घरी सांगितलं, गळू झालं होतं, कापलं. शेवंतानं चार दिवस त्याला उठू दिलं नाही. तेव्हा त्यांची मुलगी बेबी चार वर्षांची होती. एक आहे, पुरे आहे, असं त्यानं मनाला समजावलं. पुढच्या पावसाळ्यात बेबी काविळीनं गेली.

मग शेवंताला दुसरं मूल हवं झालं. त्यासाठी तिनं काय केलं नाही ते विचारा. उपास केले, एकवीरेच्या ओट्या भरल्या, अमळनेरला माहेरी जाऊन तिथल्या वैद्याचे काढे घेतले. काढा पिताना तिला ओकारी यायची आणि शालिग्राम पेला धरून शेजारी उभा असायचा. वैद्य म्हणाला, दोष बाईत आहे. शालिग्राम बाहेरच्या बाकावर बसून ते ऐकत होता. त्याची आई एकदा शेवंताला तोंडावर वांझ म्हणाली, तेव्हा हा चपला घालून चहाला निघून गेला. इथं शालिग्रामची बाजू कुणी घेऊ नये. तो वाईट नव्हता, भित्रा होता. पण इतकी वर्षं घरात जपलेला भित्रेपणा वाईटपणापेक्षा बरा असतो असं मुळीच नाही.

शेवंताबाई हळूहळू बोलायची थांबली. भाकरी वाढायची, डबा द्यायची, बोलायचं ते कामापुरतं आणि भिंतीकडे बघून. गेल्या दिवाळीत तिनं काढ्याची बरणी उकिरड्यावर नेऊन फोडली. परत येऊन एवढंच म्हणाली, "मनामाच खोट शे." दोष आपल्यातच आहे, हे तिनंही मान्य करून टाकलं होतं. त्या दिवशी शालिग्रामनं ठरवलं की आता सांगायचं. पण चाळीत सांगणार कुठं? तिथं एका घरात शिंकलं की तिसऱ्या घरातून विचारणा व्हायची. डोंगरावर नेऊन सांगायचं, म्हणजे ती ओरडली तरी ऐकायला कुणी नाही आणि तिनं मारलं तरी बघायला कुणी नाही. पलंग, पडदे, छागल, सगळा पसारा त्या एका वाक्यासाठी होता.

एका रविवारी उजाडायच्या आत ते निघाले. सोनगीर गेलं, नरडाणा गेलं, तापीचा पूल आला. पुलावर त्यानं गाडी हळू केली. "आयकस का, पानी दख कसं खोल गयं." शेवंताबाईनं पाणी पाहिलं नाही. शिरपूर मागं टाकून गाडी कच्च्या रस्त्याला लागली, तेव्हा ऊन चटका देऊ लागलं होतं. मे महिन्यातला सातपुडा म्हणजे पानं झडलेले साग, सालईची पांढरट खोडं आणि तापलेला काळा खडक. हिरवं म्हणून काही नाही. डोंगराच्या तोंडाशी खापरदरा नावाचं वीस-पंचवीस घरांचं गाव होतं. गावाबाहेरच्या कोरड्या नाल्यात एक करंजाचं झाड होतं. शालिग्रामनं तिथं गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि गोऱ्यासारखे हात ताणून आळस दिला.

शेळ्या घेऊन एक म्हातारी समोर आली. सुगंधाबाई तिचं नाव, हे त्याला नंतर कळलं. तिनं डोळ्यांवर हात धरून गाडी न्याहाळली. "कोठली गाडी शे, भो?"

अकरा वर्षं गावोगाव हा प्रश्न त्याला विचारला गेला होता, आणि अकरा वर्षं त्याचं उत्तर एकच होतं. गिअर पडावा तसं ते आपोआप तोंडातून पडलं. "धुयानी. कॅम्प शे."

म्हातारीचा हात डोळ्यांवरून खाली आला. "कॅम्प?"

"हां. आज ऱ्हासूत, उद्या जासूत."

त्याच्या मनात गोऱ्याची कॉफी आणि फुलाफुलांचे पडदे होते. पण ह्या डोंगरांमध्ये त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. कॅम्प म्हणजे तंबू, पोलीस, ट्रकमध्ये कोंबलेली माणसं. एखाद्या पुरुषाचं ऑपरेशन झालेलं असलं तर लोक आवाज खाली आणून म्हणत, त्याचा कॅम्प झालेला आहे. हे शालिग्रामला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या लक्षात आलं नाही. चांगला माणूस होऊन आलो आहोत ह्या समजुतीत असलेल्या माणसाच्या अशा गोष्टी लक्षात येत नाहीत.

म्हातारीनं शेळ्या वळवल्या. शेळ्या बाभळीच्या शेंगा चघळत होत्या, यायला तयार नव्हत्या. तिनं त्यांना अक्षरशः मारत नेलं.

शेवंताबाई घागर घेऊन विहिरीवर गेली. तिथल्या बायकांनी तिला पाहिलं, दोर वर ओढला, गुंडाळला आणि डोक्यावर निथळणारे हंडे घेऊन त्या चालू लागल्या. "पानी नही शे," एक जण मागं न बघता म्हणाली. दुसरी थुंकली. कुठल्या तरी ओट्यावरून कुत्रं सोडलं गेलं, ते शेवंताच्या मागं पार नाल्यापर्यंत भुंकत आलं.

ती रिकामी घागर घेऊन परतली तेव्हा सूर्य गाडीच्या अंगावर आला होता. निळ्या रंगाखालून तो लाल त्रिकोण स्पष्ट दिसत होता. शेवंताबाईनं तो पाहिला. त्याबद्दल काही बोलावं असं तिला वाटलंही असेल, पण नवऱ्याला काही सांगायची सवय राहिली नव्हती. घागर ठेवत ती पत्र्याकडे बघून म्हणाली, "गावमा एक बी माणूस दखास नही. बठ्ठ्या बायाच शेत."

दिवसातलं तिचं हे पहिलं वाक्य. शालिग्राम एवढा खूश झाला की गावात पुरुषच नाहीत हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. "कामले जायेल व्हतीन," तो म्हणाला. "चाल, ऊन वाढानं पहिले डोंगर चढूत."

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून, छागल खांद्याला मारून ते चढू लागले. डोंगर वाईट होता. मुरूम पायाखालून सरकत होता, हात टेकावा तर खडक भाजत होता, आणि जिथं सावली असेल असं वाटावं तिथं बोरीचे काटे होते. ड्रायव्हरचं पोट घेऊन शालिग्राम चार पावलांत धापा टाकू लागला. शेवंताबाई मात्र पदर खोचून झपाझप पुढं. ती कुणाबरोबर आली आहे असं मागून वाटतच नव्हतं. तो मनात वाक्य घोकत होता: शेवंता, माले तुले एक सांगनं शे. पहिल्या वळणावर सांगू. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर सांगू. दुसऱ्यावर त्यानं घसा खाकरला.

"शेवंता, माले तुले..."

"पानी द्या," ती म्हणाली.

त्यानं छागल दिली. ती प्यायली, छागल परत दिली आणि चालू लागली. तिसऱ्या वळणावर तर सांगायला कुणी अडवलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं नाही. आता एकदम माथ्यावरच, असं त्यानं ठरवलं. माथ्याच्या अलीकडे एक कडा पुढं आला होता आणि त्याखाली गार सावली दिसत होती. तिथं बसायचं, भाकरी सोडायची आणि तोंड उघडायचं. आता माघार नाही.

कड्याजवळ येताच विडीचा वास आला.

सावलीत माणसं बसली होती. दहा नव्हे, वीस नव्हे, खापरदऱ्यातले झाडून सगळे पुरुष. म्हातारीनं शेळ्यांना मारत गावात जाऊन जे सांगितलं होतं, ते ऐकून ते मागच्या वाटेनं डोंगरावर पळाले होते. आठ वर्षांपूर्वीही ते इथंच लपले होते. तेव्हा वर कुणी आलं नव्हतं. आज शालिग्राम आला होता.

"वर बी उना!" कुणी तरी ओरडलं. "डोंगरवर बी सोडतस नहीत!"

एका क्षणात सगळे उभे राहिले आणि प्रत्येकाच्या हातात दगड आला. पहिला दगड छागलीवर बसला. ती फाटली आणि पाणी त्याच्या पायजम्यावरून मुरमात जिरलं. दुसरा त्याच्या खांद्याला लागला. तो मटकन खाली बसला.

"आम्ही फिराले उनूत!" तो ओरडला. "डोंगर दखाले! दुसरं काहीच नही!"

"मे महिनामा डोंगर दखाले!" एक जण हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "खाले तू सुगंधाबाईले काय सांगं? कॅम्प शे म्हने ना?"

तेव्हा कुठं शालिग्रामला आपण काय बोलून बसलो ते कळलं. तो समजावू लागला. गोरा, कॉफी, कडुनिंब, गाडीतला पलंग. पलंगाचं नाव काढताच माणसं आणखी जवळ सरकली. कॅम्पच्या गाडीत पलंग कशासाठी असतो ते त्यांना ठाऊक होतं.

गर्दीतून एक जण पुढं आला. पस्तिशीचा, वाळलेला, डोळे तांबारलेले. पुना त्याचं नाव. त्यानं शालिग्रामच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

"हाऊ तोच," तो म्हणाला. "खाकी नही आज, बाकी तोच. दख माले. वळखस का?"

शालिग्रामनं पाहिलं. ओळखलं नाही. त्या वर्षी त्यानं एवढी माणसं वाहिली होती की त्याच्याकडे चेहरे उरलेच नव्हते.

"शिरपूरना बजारमा बैल दखाले जायेल व्हतू मी," पुना म्हणाला. "तू गाडी थांबाडी. म्हने, खापरदराले जास का? बस, सोडस. फुकट. माले किती आनंद व्हयना! नऊ महिना व्हयेल व्हतात मना लगीनले. बायको घर वाट दखी ऱ्हायंती. आन तुनी गाडी सिधी कॅम्पमा गयी. सहा महिनामा ती माहेर गयी. नही उनी. का येई ती? तू सांग ना, का येई?"

आपण असं करायचो हे शालिग्रामला आठवत होतं. साहेबांनीच ती युक्ती शिकवली होती, पण आपण ती किती सहज वापरली हेही त्याला आठवत होतं, आणि त्याची त्याला ह्या क्षणी भयंकर लाज वाटली.

"आन हाई कोन? नवी नर्सबाई?" पुनानं शेवंताकडे बोट केलं.

"मनी बायको शे."

"बायको!" पुना किंचाळलाच. "तुले बायको शे! आम्हले कापं आन तू हॉर्न वाजाडत घर गया, बायकोकडे! तुनं काय गयं रे? सांग. तुनं काय गयं?"

दोघं पोरगेले गडी काडेपेटी घेऊन गाडी पेटवायला खाली निघालेही होते. मागून कुणी तरी म्हणालं, याला वरून लोटून द्या, पाय घसरला म्हणून सांगू. दोन माणसांनी शालिग्रामच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. खालच्या दरीची कड चार हातांवर होती. खाली नाला दिसत होता, करंजाचं झाड आणि त्याखाली निळा ठिपका.

आणि ते वाक्य त्याच्या तोंडून बाहेर पडलं. एका माणसासाठी महिनोन् महिने घोकलेलं, तीस जणांपुढं.

"मना बी कॅम्प व्हयेल शे!"

दंडावरचे हात सैल झाले नाहीत, पण थांबले.

"त्याच गाडीमा," तो रडतच बोलू लागला. "शहात्तरमा. दुसरी केस नही भेटी, मंग मालेच झोपाडं. एकच पोर व्हती मनी, ती बी मरी गयी. माले बी कोनी नही शे, भो. एकवीरानी आन, कोनी नही शे."

पुनानं मान हलवली. "खोटं. मरानी येय उनी म्हनीसन काहीबी बोली ऱ्हायना." तो शेवंताकडे वळला. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज थोडा उतरला. "अक्का, तू सांग. खरं शे का हाई?"

शालिग्रामला तिच्याकडे बघायचं धाडस होईना. पण बघावं लागलं. शेवंताबाई सरळ त्याच्या तोंडाकडे बघत होती. किती तरी वर्षांनी. तिच्या डोळ्यांपुढून काय चाललं आहे ते त्याला दिसत होतं. गळू. उपास. बाहेरचा बाक. काढ्याचा पेला धरलेला त्याचा हात. एकेक गोष्ट ती उचलत होती, उलटी करून बघत होती आणि खाली ठेवत होती. माले माहीत नही, असं ती म्हणाली असती तर ते खरंच होतं. कुणी तिला नाव ठेवलं नसतं. आणि शालिग्रामला पुरतं कळत होतं की आपला जीव आता हिच्या एका शब्दावर आहे आणि तो शब्द मागायचं तोंड आपल्याला नाही.

"खरं शे," शेवंताबाई म्हणाली. "शहात्तरमा. चार दिन मीच हयद-दूध पाजं याले."

नवऱ्याविषयी बोलताना ती आजवर मान देऊन 'यासले' म्हणत आली होती. आज एकेरीत 'याले' म्हणाली. बाकी कुणाला त्यात काही वाटलं नाही. शालिग्रामला मात्र तो शब्द दगडापेक्षा जास्त लागला.

हातांतले दगड खाली पडू लागले. काडेपेटीवाल्यांना हाका मारून परत बोलावलं. पुना मांडी घालून जिथल्या तिथं बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. कुणी तरी शालिग्रामला सावलीत ओढलं, दुधी भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी त्याच्यापुढं धरलं. एक म्हातारा कानाशी येऊन विचारू लागला की तुझं अजून दुखतं का, माझं अमावस्येला दुखतं. शालिग्राम घटाघटा पाणी प्यायला. आणि काय सांगावं, त्याला हलकं वाटलं. आठ वर्षांचं ओझं उतरलं, जीव वाचला, गाडी वाचली. दोन क्षण तो चक्क सुखात होता. मग त्यानं शेजारी पाहिलं. शेवंताबाई तिथं नव्हती. ती अर्धा उतार उतरून गेली होती.

तो धडपडत, घसरत, तळवे सोलून घेत तिच्या मागं आला. ती गाडीपाशी पोचली होती. पलंगाखालून तिनं आपली पिशवी काढली, दोरीवरचं लुगडं ओढून घेतलं, घडी न घालता पिशवीत कोंबलं.

"मी तुले सांगनारच व्हतू," तो धापा टाकत म्हणाला. "त्यानासाठेच लयनू तुले आठे. एकवीरानी आन. वर गये का सांगसू, असं ठरायेल व्हतं मनं."

"तीस माणसेसले सांगं," ती म्हणाली. "माले सांगाले तुले आठ वरीस पुरनात नही."

"त्या मारी टाकतात ना माले!"

"म्हनीसनच सांगं तू." तिनं पिशवीची गाठ मारली. "मी मरी ऱ्हायंतू घरमा, तव्हय नही सांगं. तू मराले लागना, तव्हय सांगं."

ती ओरडली नाही आणि तिनं मारलंही नाही. त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती. तो पुढं होऊन पिशवीला हात लावू लागला, तशी ती मागं सरली, जशी विहिरीवरच्या बाया तिच्यापासून सरल्या होत्या.

पुना डोंगर उतरून नाल्यात आला होता. शेवंतानं त्याला विचारलं, "भाऊ, मोटर कोठे भेटी?"

"फाटावर. बारा वाजानी मोटर शिरपूर जास." पुनानं तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "चाल, दखाडस."

त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. शालिग्राम धावत जाऊन स्टिअरिंगवर बसला. चावी फिरवली, इंजिन लागलं. खिडकीतून मान बाहेर काढून तो म्हणाला, गाडीत बस, फाट्यापर्यंत तरी बस, ऊन किती आहे. शेवंताबाईनं ऐकलं नाही असं नव्हे. पुना अर्धवट वळून म्हणाला, "ऱ्हाऊ दे, भो. तिले पाय शेत." आणि दोघं पायवाटेला लागले, जिथं मॅटाडोर जाऊ शकत नव्हती.

त्यानं इंजिन बंद केलं. एकेक करून गावातले पुरुष डोंगरावरून उतरले आणि गाडीवरून पुढं गेले. कुणी गाडीला बोट लावलं नाही. उलट एकानं जाता जाता त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात शालिग्रामला नको होता. विहिरीवरून दोर सोडल्याचा आवाज आला. सुगंधाबाई तांब्याभर पाणी घेऊन त्याच्याकडे येत होती आणि वाटेत भेटेल त्या बाईला मोठ्यानं सांगत होती, "आपलाच शे गंऽ तो! त्याना बी कॅम्प व्हयेल शे!"

तिनं तांब्या खिडकीतून आत दिला. "बाई कोठे गयी?"

"अमळनेरले. माहेर."

"कव्हय ई?"

"येवाव नही," शालिग्राम म्हणाला, आणि हे मात्र त्यानं लगेच सांगितलं.